नऊ महिन्यांत सीट सोलली: गाडी नको, सीट बदलून मागा

पत्र

गेल्या दिवाळी पाडव्याला आम्ही नवी गाडी घेतली. इथे वेटिंग फार होतं, म्हणून कोल्हापूरच्या शोरूममधून आणली. वरचं मॉडेल, लेदर सीटवालं, पंधरा लाखांच्या आसपास. त्यातले बरेचसे कर्जाचे. जूनमध्ये ड्रायव्हर सीटच्या डाव्या कडेला फुगवटे दिसले, आता तिथला थर पापुद्र्यासारखा निघतोय. मागच्या सीटच्या पाठीवर, जिथे फारसं कोणी टेकतही नाही, तिथेही तेच सुरू झालंय. पुढे डोकं टेकायच्या उशीवर बारीक तडे आहेत. इथल्या वर्कशॉपमध्ये दाखवलं तर म्हणाले, "मॅडम, कोकणातली हवा आणि तुमचा वापर. सीट वॉरंटीत येत नाही. फार तर सीट कव्हर फुकट घालून देतो." दीर म्हणतात, बहादूरशेख नाक्याजवळ रेक्झिनवाला आहे, त्याच्याकडून शिवून घे. मिस्टर म्हणतात, गाडीच बदलून माग. मुलगी म्हणते, फेसबुकवर टाक. मी शिक्षिका आहे, गाडी माझ्या नावावर आहे, हप्ता माझ्या पगारातून जातो. काय करू?

एक वाचक, चिपळूण

उत्तर

ताई, घरातल्या तिघांचे तीन सल्ले आणि वर्कशॉपचा चौथा. हे चारही तूर्त बाजूला ठेवा. त्यातले दोन तर तुमची तक्रारच मारून टाकतील: सीटवर कव्हर चढवणं आणि रेक्झिनवाल्याकडून शिवून घेणं. सीट आज जशी आहे तशीच तपासणी होईपर्यंत राहू द्या. तोच तुमचा पुरावा आहे, आणि तो एकदा झाकला किंवा उसवला की "आधी काय होतं कोण जाणे" म्हणायला समोरचा मोकळा.

तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. जिथे पापुद्रा उचकटलाय तिथे खाली पांढरट, बारीक विणीचं कापड दिसतंय, अगदी गंजीफ्रॉकच्या कापडासारखं. खऱ्या कातड्यावरचा रंगाचा थर गेला तर खाली कातड्याचेच एकमेकांत गुंतलेले तंतू दिसतात, खरखरीत आणि केसाळ. विणलेलं कापड दिसत नाही. म्हणजे तुमची सीट, निदान या भागात, कातड्याची नाही. ती लेदरेट आहे: कापडावर पीव्हीसीचा किंवा पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, थर चढवलेला माल. आपण सरसकट ज्याला रेक्झिन म्हणतो त्याच घराण्यातला.

पण एवढ्यावरून फसवणूक झाली असं धरून चालू नका. तुमच्या गाडीच्या किमतीत बहुतेक कंपन्या लेदरेटच देतात आणि तसं छापतातही. ज्या गाड्यांत खरं कातडं असतं, त्यांतही बरेचदा फक्त बसायचा आणि टेकायचा भाग कातड्याचा असतो; कडा आणि सीटची मागची बाजू लेदरेटची. शोरूममधला सेल्समन मात्र सगळ्यालाच "लेदर" म्हणतो, आणि तोंडी बोललेलं नंतर सापडत नाही. तेव्हा घरातले तीन कागद शोधा: माहितीपत्रक, बुकिंगच्या वेळचं कोटेशन आणि टॅक्स इनव्हॉइस. त्यांत लेखी "लेदर" असेल आणि माल लेदरेट निघाला, तर ती तुमची दुसरी, स्वतंत्र तक्रार होते. ग्राहक कायद्यात तिला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात. "लेदरेट" लिहिलं असेल, किंवा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत तशी टीप असेल, तर हा मुद्दा सोडून द्या. उगाच ताणलात तर खरी तक्रारही पातळ होते. लेदरेट असो नाहीतर आणखी काही, नव्या गाडीची सीट नऊ महिन्यांत सोलली जाणं हे चुकीचंच.

त्याच कागदांत आणखी एक गोष्ट पाहा, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. ही सीट कारखान्यातूनच अशी आली, की डिलिव्हरीच्या आधी शोरूमने अ‍ॅक्सेसरी म्हणून वरून बसवून दिली? पुष्कळ शोरूम हे करतात. मधलं मॉडेल घेऊन त्यावर "लेदर सीट" बसवतात आणि अ‍ॅक्सेसरीचं वेगळं बिल लावतात. तुम्ही वरचं मॉडेल म्हणता, म्हणजे बहुधा कारखान्याचीच असेल, पण अ‍ॅक्सेसरीच्या बिलात "सीट कव्हर" किंवा "अपहोल्स्ट्री" अशी ओळ नाही ना, हे डोळ्यांनी बघा. ओळ असेल तर त्या मालाला गाडीची वॉरंटी सहसा लागू नसते आणि मुख्य जबाबदारी शोरूमवर येते. नसेल तर दोष कंपनीचा.

हा भेद कागदी नाही. 2021 मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. डीलरने जुन्या वर्षाची गाडी नवी म्हणून विकल्याची तक्रार होती. डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे दाखवल्याशिवाय त्या कृत्यासाठी कंपनीला जबाबदार धरता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणून तुम्ही पहिल्या पत्रापासून दोघांनाही धरा, शोरूमलाही आणि कंपनीलाही. कोणाचं काय ते त्यांना आपापसांत ठरवू द्या.

आता "तुमचा वापर" आणि "कोकणातली हवा" या दोन उत्तरांकडे येतो.

वापराने झिजलेली सीट ओळखू येते. आपल्याकडे चालक उजव्या बाजूने चढतो-उतरतो, म्हणून ड्रायव्हर सीट झिजते ती उजव्या, दाराकडच्या कडेला. आधी ती गुळगुळीत होते, मग चकाकते, रंग विरळ होतो आणि फार पुढे चीर पडते. तुमची सीट डाव्या कडेला, गिअरच्या बाजूला गेली आहे आणि सुरुवात फुगवट्यांनी झाली. मागच्या सीटची पाठ तर, तुम्हीच म्हणता, वापरातच नाही. जिथे घासलं जात नाही तिथे थर फुगून सुटतो, याचा सरळ अर्थ थर आणि कापड यांची पकड गेली आहे. हे मालातलं वैगुण्य आहे, आणि तुमच्या तक्रारीचा कणा हाच. फोटो काढताना शाबूत असलेली उजवी कडही मुद्दाम त्याच फोटोत घ्या.

हवेचं म्हणणं अर्धं खरं आहे. पीयूच्या काही प्रकारांवर दमट उष्णतेचा परिणाम होतो. हवेतलं पाणी त्याच्या रासायनिक साखळ्या हळूहळू तोडतं, थर कमकुवत होतो आणि पापुद्रे सुटतात. कपाटात ठेवलेली पर्स किंवा बुटांचे तळवे न वापरताच सुटतात ते याचमुळे. पण हे रसायन कंपन्यांना चांगलं माहीत आहे आणि या माऱ्याला टिकणारे पीयूही बाजारात आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात गाडी विकणाऱ्या, इथे वर्कशॉप चालवणाऱ्या कंपनीला चिपळूणचा पावसाळा अनपेक्षित म्हणता येत नाही. "कोकणातली हवा" असं ते म्हणाले तर तेही लिहून मागा. ते वाक्य तुमच्याच बाजूचं आहे.

एक गोष्ट मात्र तक्रारीतून वगळा: डोकं टेकायच्या उशीवरचे तडे. केसांचं तेल लेदरेटचा थर खातं, आणि आपल्याकडे डोक्याला तेल लावून गाडीत बसणं नेहमीचंच. तिथे खरोखर वापराचा वाटा असू शकतो. तो मुद्दा यादीत घातलात की समोरचा नेमका तोच पकडून बसेल आणि बाकीचं सगळं त्याच्याबरोबर वाहून जाईल.

पहिलं काम जॉब कार्डचं, म्हणजे गाडी कामासाठी आत घेताना वर्कशॉप बनवतं त्या नोंदीच्या कागदाचं. तुम्ही वर्कशॉपला गाडी "दाखवली", म्हणजे कागदावर काहीच झालेलं नाही. गाडी कोल्हापूरची असली तरी कुंभार्ली घाट चढून पुन्हा तिकडे जायची गरज नाही. वॉरंटीची तक्रार कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये नोंदवता येते. पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता फक्त या तक्रारीसाठी गाडी आत घाला आणि जॉब कार्ड उघडायला लावा. त्यात ग्राहकाच्या तक्रारीचा रकाना असतो. वर्कशॉपचा अ‍ॅडव्हायझर, म्हणजे तक्रार लिहून घेणारा माणूस, तिथे "सीट चेक करणे" असं दोन शब्दांत उरकतो. तसं लिहिलं तर सही करू नका. "चालकाच्या सीटची डावी कड आणि मागच्या सीटची पाठ, वरचा थर फुगून सुटतोय, खालचं कापड दिसतंय" हे लिहून घ्या, किलोमीटर आणि तारीख तपासा, प्रत घ्या. गाडी परत घेताना समाधानाच्या कागदावर सही मागतील. काम झालेलं नसताना तिथे नुसती सही करू नका. "तक्रार कायम आहे" असं स्वतःच्या हाताने लिहून मग खाली सही करा.

रेक्झिनवाल्याला मी नको म्हटलं त्याला पुराव्यापलीकडेही कारण आहे, आणि ते दिरांनाही वाचून दाखवा. पुढच्या सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला छोटी पट्टी शिवलेली आहे का पाहा, तिच्यावर "एअरबॅग" छापलेलं असतं. असेल तर बाजूची एअरबॅग त्या सीटच्या पाठीतच बसवलेली आहे. अपघातात ती तिथली शिलाई फाडून बाहेर येते, आणि ती शिलाई ठरावीक ताणाला तुटेल अशाच दोऱ्याने घातलेली असते. बाहेरचा कारागीर, त्याचा हात कितीही चांगला असो, मजबूत दोऱ्याने घट्ट शिवून देणार. मग ती एअरबॅग वेळेवर किंवा नीट उघडेलच याची खात्री कोण देणार? जाड सीट कव्हरचंही तेच. वर्कशॉप फुकट देतंय ते कव्हर त्या एअरबॅगला चालेल असं बनवलेलं आहे का, हे त्यांना लेखी विचारा. शिवाय सीट सोडवताना खालचे एअरबॅगचे वायर-कनेक्टर काढावे लागतात, त्यात गडबड झाली की डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पेटून राहतो आणि कंपनी उरलेली वॉरंटीही नाकारायला लागते. पोरंबाळं बसतात त्या गाडीत हा धोका घेऊ नका.

"सीट वॉरंटीत येत नाही" हे ऐकून मागे फिरू नका. वॉरंटीची पुस्तिका काढा. त्यात साधारण दोन गोष्टी असतात: माल किंवा बनावट यांतला दोष दुरुस्त करून देऊ, आणि झीज, रंग उडणं, ऊनपाण्याचा परिणाम यांची जबाबदारी नाही. सीटचं आवरण दुसऱ्या यादीत असलं, तरी तिथे सहसा वापराने होणारी झीज म्हटलेलं असतं. थर सुटणं झीज ठरत नाही, ते पहिल्या वाक्यात बसतं. आणि पुस्तिकेने दार बंद केलं तरी कायदा उरतोच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2 मध्ये दोषाची व्याख्या आहे: वस्तूच्या गुणवत्तेतली कुठलीही उणीव किंवा कमतरता, जी गुणवत्ता कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याप्रमाणे असायला हवी. करार इथे छापील असलाच पाहिजे असंही नाही, गृहीत धरलेला करारही चालतो.

जॉब कार्ड झालं की त्याच दिवशी शोरूम, वर्कशॉप आणि कंपनीचा ग्राहक सेवा विभाग या तिघांना एकच ईमेल करा, आणि शोरूम व कंपनीला तोच मजकूर पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने पाठवा. मजकूर एवढाच ठेवा:

"माझी गाडी (नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक) दिनांक अमुक रोजी डिलिव्हरी घेतली. आजवर इतके किलोमीटर झाले आहेत. चालकाच्या सीटच्या डाव्या कडेचा व मागच्या सीटच्या पाठीचा वरचा थर फुगून सुटत आहे. खालचे कापड उघडे पडले आहे. फोटो व जॉब कार्ड सोबत. हा मालातील दोष आहे. कंपनीच्या प्रतिनिधीमार्फत तपासणी करून दोन्ही सीटची आवरणे विनामूल्य बदलून द्यावीत. मागणी नाकारायची असल्यास वॉरंटी पुस्तिकेच्या कोणत्या कलमाखाली व कोणत्या तपासणीच्या आधारे, हे 15 दिवसांत लेखी कळवावे."

यात राग नाही, कर्जाचा उल्लेख नाही, मनस्तापाचं वर्णन नाही. ते सगळं खरं आहे, पण त्याची जागा पुढे आहे. या पत्रातली शेवटची ओळ सगळं काम करते. तोंडी "येत नाही" म्हणणं सोपं असतं. कलम आणि तपासणी यांच्यासह लिहून देताना कंपनीच्या माणसाला सीट प्रत्यक्ष पाहावी लागते. बरीच प्रकरणं इथेच सुटतात. कंपनीचा भागातला सर्व्हिस मॅनेजर येतो, फोटो वर पाठवतो, आवरणं मंजूर होतात.

मधला एक प्रस्ताव येऊ शकतो: "सामान कंपनीचं, मजुरी तुमची" किंवा "खर्च निम्मा-निम्मा". गाडी चार-पाच वर्षांची असती तर घ्या म्हटलं असतं. नऊ महिन्यांच्या गाडीला घेऊ नका. आवरणं बदलून मिळाली तर नव्या भागाचा पार्ट नंबर जॉब कार्डवर घ्या, त्या भागाची वॉरंटी किती ते लेखी घ्या, आणि गाडी ताब्यात घेताना इग्निशन चालू करून एअरबॅगचा दिवा पेटून विझतो ना ते पाहा.

मिस्टरांना सांगा, गाडी बदलून मागण्यात आपलंच नुकसान आहे. 2006 मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर त्या भागासाठी अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. तिथे प्रश्न क्लचचा होता. क्लचसाठी गाडी मिळाली नाही, तिथे सीटसाठी मिळणार नाही, आणि अवाजवी मागणीमुळे वाजवी मागणीकडेही संशयाने पाहिलं जातं. दोन सीटची आवरणं, येण्या-जाण्याचा खर्च, आणि ग्राहक आयोगापर्यंत जावं लागलं तर मनस्तापाची माफक भरपाई. एवढं मागा आणि त्यावर ठाम राहा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन आदेश देत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि तुमच्या हातात तक्रार क्रमांक येतो. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या, 1975 पासून काम करणाऱ्या संस्थेचं मार्गदर्शनही घेता येतं. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग.

इथे तुमची सगळ्यात मोठी धास्ती असेल की कोल्हापूरला खेटे घालावे लागतील. नाही लागणार. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार दाखल करता येते, म्हणजे तुमच्यासाठी रत्नागिरी. कुठल्या आयोगात जायचं हे ठरवताना धरली जाते ती गाडीसाठी तुम्ही मोजलेली किंमत. 50 लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे येतात आणि 10 ते 20 लाखांच्या टप्प्यात तक्रारीची फी फक्त 400 रुपये आहे. तक्रार ऑनलाइनही भरता येते. वकील सक्तीचा नाही. तुम्ही रोज पन्नास मुलांना समजावून सांगता, तारखा आणि कागद क्रमाने मांडणं तुम्हाला जड जाणार नाही. सीटच्या मालाबद्दल वाद झाला तर आयोग नमुना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. कातडं आहे की लेदरेट हा प्रश्न उरलाच, तर चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था अशाच कामाची आहे. तपासणी लागली नाही तर तीन महिन्यांत आणि लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, तेवढी तयारी ठेवा.

आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे, दोष उघड झाल्यापासून. तुमच्या बाबतीत जूनपासून धरा. "साहेब रजेवर आहेत", "पार्ट मागवलाय" अशा पत्रव्यवहाराने ही मुदत आपोआप वाढत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा.

मुलीला म्हणावं, फेसबुक थांबव थोडं. कंपनीने लेखी नकार दिल्यावर घडलेलं जसंच्या तसं, तारखांसह लिहायला हरकत नाही. पण "चोर", "लुटारू" असे शब्द आणि अ‍ॅडव्हायझरचं नाव-फोटो टाकलेत तर तक्रारदार तुम्ही असताना उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतील.

तपासणीपर्यंत सीटला पॉलिश, सिलिकॉनचा स्प्रे, सॅनिटायझर काही लावू नका. पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, पिळलेलं मऊ फडकं, मग कोरडं पुसणं, बस. सुटलेला पापुद्रा मुलांना ओढू देऊ नका. आपोआप गळून पडलेला तुकडा तारीख लिहून पाकिटात जपून ठेवा. पावसात ओल्या कपड्यांनी बसायची वेळ आली तर टॉवेल टाका आणि उतरल्यावर काढून घ्या, म्हणजे बुरशीचं निमित्त त्यांना मिळणार नाही. फोनमधले मूळ फोटो पुसू नका.

जॉब कार्ड आणि दोन्ही बिलांच्या प्रती मला पाठवा. अ‍ॅक्सेसरीची ओळ निघाली तर पत्रात शोरूमसाठी वेगळा परिच्छेद घालावा लागेल, तो आपण मिळून लिहू.